पाठीवरचा उजेड

१

"आधी उजेड कुठून येतो ते ठरवा, मग ब्रशला हात घाला," हे रंगनाथ पेंटरचं ठरलेलं वाक्य. खरं तर ते त्याचं नव्हतंच. त्याचे उस्ताद सावळीराम पेंटर, त्यांचं. पण उस्ताद गेले, पंचवटीतलं दुकान गेलं, फ्लेक्स आला आणि पाट्या रंगवायचा धंदाच नाशकातून उठला. वाक्य तेवढं रंगनाथच्या तोंडात राहून गेलं.

एके काळी रविवार कारंजापासून मेनरोडपर्यंत निम्म्या दुकानांच्या पाट्या त्याच्या हातच्या होत्या. सगळ्यांवर उजेड डावीकडून, वरून. सावली उजवीकडे, खाली. आता त्याच जागी वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फ्लेक्स लागले होते. एकेका फ्लेक्सवर ही डझनभर डोकी आणि प्रत्येक डोक्यावर उजेड वेगळ्या बाजूनं. "एकेकाचा सूर्य निराळा आहे बघा," असं म्हणून रंगनाथ गटारीत पचकन थुंकायचा.

तो लोडशेडिंगचा उन्हाळा होता, २००८ सालचा. जेवणाच्या वेळेला वीज जायची ती चहाच्या वेळेला यायची. अख्खं नाशिक शिव्या घालायचं. रंगनाथ आपला खिडकी डाव्या हाताला येईल असा पाट टाकून बसायचा. गणपतीच्या हंगामात मूर्तींचे डोळे काढायचं काम तेवढं त्याच्याकडे उरलं होतं. बाकी वर्षभर हात रिकामे आणि तोंड कडू.

त्यात यंदा घरात एक गोड गोष्ट घडत होती. त्याची मुलगी दिशा साईला द्यायचं चाललं होतं. साई म्हणजे त्याचा सख्खा भाचा, धाकट्या बहिणीचा, सुवर्णाचा मुलगा. मामाची मुलगी म्हणजे तशी हक्काचीच. सुवर्णा सायखेड्याला सासरी स्टोव्हचा भडका उडून गेली, त्याला आता अठरा वर्षं झाली होती. तेव्हा साई पहिलीत होता. आता पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत, मध्ये सहा महिने जर्मनीला जाऊन आलेला, बोलायला मऊ, मामीच्या हातच्या शेवभाजीवर जीव टाकणारा. असा जावई दिवा घेऊन शोधला तरी मिळाला नसता.

साईची खोड म्हणाल तर एकच. कुठल्याही घरातून निघाला की दार ओढून घ्यायचा आणि बाहेरून कडी घालायचा. आतली माणसं आत. मग मामी आतून दार बडवणार, शेजारचं कुणीतरी येऊन कडी काढणार आणि साई जिन्यावरून ओशाळून परत येणार, "सॉरी मामी, हात आपोआप जातो."

"बायकोला कोंडून ठेवशील रे लग्न झाल्यावर!" मामी, म्हणजे रंगनाथची बायको मथुरा, म्हणायची. सगळे हसायचे. दिशा लाजून आत पळायची.

२

त्या रविवारी साईनं खिशातून एक छोटी डबी काढली. आत कापसात गुंडाळलेली, करंगळीएवढी एक बाई होती. राखाडी प्लास्टिकची, केस मोकळे, झगा पायघोळ, एक हात पुढे आणि त्या हातात जाळाचा लोळ.

"देवी का रे ही?" मथुरानं हात जोडायच्या बेतात विचारलं.

"नाही मामी, सोंगटी आहे. आपल्या सारीपाटासारखा खेळ असतो तिकडे. फक्त प्रत्येक सोंगटी म्हणजे एक पात्र. कुणी राक्षस, कुणी सरदार. ही जाळाची चेटकीण."

"अगं बाई! चेटकिणीशी खेळतात? तुझ्या जर्मनीला दुसरं काही मिळेना?"

साई हसला आणि रंगनाथकडे वळला. "मामा, लोक या सोंगट्या स्वतः रंगवतात. मी करून बघितलं, माझा हात थरथरतो. तुम्हीच करा. हिच्या हातातला जाळ पेटलेला वाटला पाहिजे. त्याचा उजेड हिच्या अंगावर पडलेला दिसला पाहिजे."

रंगनाथनं चष्मा कपाळावर ढकलला आणि बाईला डोळ्यांजवळ धरलं. किती दिवसांनी कुणीतरी त्याच्याकडे उजेड मागायला आलं होतं! "अरे, चाळीस फुटी पाटीवर केलंय, ही तर बोटभर आहे," तो म्हणाला. आतून मात्र मोहरून गेला होता.

दुसऱ्याच दिवशी त्यानं बाईला बाटलीच्या बुचावर चिकटवली. आधी अंगभर काळा हात दिला. मग जाळ. नवशिके जाळ बुडाशी लाल करतात आणि टोकाला पिवळा. खरा जाळ उलटा असतो, बुडाशी पांढरा, टोकाकडे लाल होत जाणारा. नंतर उजेड. हनुवटीखाली, गळ्यावर, छातीवर, पुढे केलेल्या बाहीच्या आतल्या अंगाला पिवळा, पुढे केशरी, मग विझत गेलेला तांबडा. पाठ त्यानं काळीच ठेवली. पाठीवर उजेड पडायचं कारणच नव्हतं. शेवटी डोळे. मूर्ती असो नाहीतर चेटकीण, डोळे शेवटीच काढायचे, ही त्याची शिस्त.

डोळे काढले आणि बाईनं त्याच्याकडे बघितलं. तो स्वतःशीच म्हणाला, "वा रे पठ्ठ्या."

३

सकाळी चहाचा कप घेऊन तो पाटाशी आला तेव्हा बाई भिंतीकडे तोंड करून उभी होती. मथुरानं झाडताना फिरवली असेल. पण तिच्या पाठीवर उजेड होता.

केसांच्या कडांवर पिवळी रेघ, खांद्यांच्या मागे केशरी, झग्याच्या खालच्या घोळावर तर पांढऱ्यापर्यंत चढलेला. सगळा उजेड मागून आणि खालून. रंगनाथनं बूच फिरवलं. पुढची बाजू काळी होती. गळा काळा, बाही काळी. हातात तो जाळ एवढा पेटलेला आणि त्याचा उजेड कणभरही अंगावर नाही. डोळे मात्र त्यानं काढले होते तसेच.

"मथुरे! हिला कुणी हात लावला?"

"मला दुसरे उद्योग नाहीत का? घरातली भांडी कोण घासेल मग?"

"दिशा?"

"बाबा, मला पाटीवर सरळ रेघ मारता येत नाही, तुम्हीच म्हणता ना."

खरंच होतं. असा हात घरात दुसऱ्या कुणाचा नव्हता. उजेड लाजवाब उतरला होता, फक्त चुकीच्या बाजूला. रंगनाथनं मनाशी हिशेब मांडला. बूच फिरलं असेल, आपण पाठीलाच छाती समजून रंगवत बसलो असू. वय झालं, चष्म्याचा नंबर वाढला. माणूस म्हणजे काय, चुकायचंच. पण एका बोटभर बाईची पाठ कुठली आणि पोट कुठलं हे न कळण्याइतका तो म्हातारा झाला नव्हता, आणि हे त्यालाही ठाऊक होतं.

त्यानं पाठ काळी केली. पुढचा उजेड पुन्हा काढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजेड पुन्हा पाठीवर होता.

४

मग त्यानं हट्ट धरला. रंगवायचं, वाळेपर्यंत समोर बसायचं, नजर हलवायची नाही. मथुरा कुरकुरली, "एवढं लक्ष कधी माझ्याकडे दिलं असतंत तर!" पण तो हलला नाही. जेवण झालं, वीज गेली, पंखा थांबला. ऊन फार म्हणून मथुरानं खिडकीची एक फळी लोटली होती, त्यामुळे खोलीत अर्धवट अंधार होता.

त्याच्या डोळ्यांदेखत काही बदललं असं नाही. तो शपथेवर सांगू शकला असता. फक्त एक क्षण असा आला की बाईची छाती काळी आहे आणि ती केव्हापासून काळी आहे हे त्याला सांगता येईना.

त्यानं बूच फिरवलं. पाठीवर उजेड. अंधारात रंग मंद दिसायला हवा. हा मंद नव्हता.

रंगनाथनं सहज, धंद्याच्या सवयीनं, तिच्या पाठीमागे बोट धरलं. आणि बोटाची सावली तिच्या पाठीवर पडली.

रंगवलेला उजेड विझला. तेवढ्याच जागी, बोटाच्या रुंदीएवढा. बोट काढलं, परत आला. त्यानं पुन्हा बोट धरलं आणि या खेपेला बोटाकडे बघितलं. तिच्याकडे असलेली बाजू काळी होती. दुसऱ्या बाजूला, नखावर, केशरी झळ आली होती. मागून येत होती. मागे तर खोलीचं बंद दार होतं.

त्याला रॉकेलचा वास आला. पेंटरच्या घरात रॉकेलच्या वासाचं काय नवल, पाट्यांचे ब्रश रॉकेलनंच धुतात. हे रंग मात्र पाण्याचे होते. घरात रॉकेल येऊन महिने झाले होते.

"मथुरे," त्यानं हाक मारली. मग उठून खिडकीची लोटलेली फळी उघडली.

५

सुवर्णाला नाशकात आणली तेव्हा पांढऱ्या कापडात गुंडाळून आणली होती. तोंड तेवढं उघडं ठेवलं होतं. बायका एकीमागून एक येऊन डोकावायच्या आणि डोळ्यांना पदर लावून सगळ्या एकच बोलायच्या, "चेहरा तेवढा देवानं राखला गं बाई."

खरंच राखला होता. कपाळावरचं कुंकूसुद्धा जागचं हललं नव्हतं. पापण्या होत्या, भुवया होत्या. रंगनाथ तिच्या उशाशी बसून तो चेहरा बघत राहिला होता आणि त्यालाही तेव्हा देवाचे उपकारच वाटले होते.

सासूनं, साळूबाईनं, सांगितलं होतं ते असं. सुवर्णा स्टोव्हवर वाकून पंप मारत होती. भडका उडाला तो सरळ वर आला. साळूबाई ओसरीवर गहू निवडत होती, पोरगं तिथंच खेळत होतं. स्वयंपाकघराचं दार सताड उघडं. ती गोधडी घेऊन धावली, पण तोवर उशीर झाला होता. अपघात म्हणून नोंद झाली. नवऱ्यानं, गोरक्ष दाजींनी, पुन्हा लग्न केलं नाही. लोकांनी त्याचंही कौतुक केलं.

दहाव्याला गंगेवर, गोदेच्या घाटावर, सायखेड्याचा एक शेजारी आला होता, नाथा म्हणून. तो रंगनाथला बाजूला घेऊन म्हणाला, "त्या घरात लय जाच हाय, आमाला ठाव व्हतं. लग्नाच्या आदीपासून ठाव व्हतं. पन दुसऱ्याच्या घरात आपन कशाला त्वांड घालायचं?"

रंगनाथनं त्याची गचांडी धरली होती. चार माणसांनी सोडवलं. तेव्हापासून त्यानं कुणाला मनापासून शिव्या दिल्या असतील तर त्या नाथाला. एक शब्द टाकला असता मेल्यानं! एक शब्द!

आता तो खिडकीशी बसला होता आणि पुन्हा पुन्हा एकच विचार करत होता. बाई वाकली आहे. भडका खालून वर येतो. मग पहिला जाळ कुठं लागेल? हे कुठल्याही पेंटरच्या पोऱ्यानं सांगितलं असतं. आणि चेहरा स्वच्छ. उजेड कुठून येतो ते ठरवा म्हणे! सगळ्या नाशकाला सांगत हिंडला आणि सख्ख्या बहिणीच्या वेळी देवाचे आभार मानत बसला.

६

पुढच्या रविवारी साई आला. रंगनाथनं बाईला काही न बोलता पाटावर ठेवलं, पाठ त्याच्याकडे करून. तो ओरडेल, हसेल, निदान विचारेल तरी, "मामा, उलटं कसं झालं?" अशी रंगनाथची अपेक्षा होती. खरं सांगायचं तर ती आशा होती.

साई खाली बसला. गुडघ्यांवर हात ठेवून, शाळेत बसतात तसा. बराच वेळ बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर इतका आनंद रंगनाथनं कधी बघितला नव्हता.

"बरोब्बर मामा," तो हलक्या आवाजात म्हणाला. "अशीच."

"अशीच म्हणजे?"

"अशीच दिसत होती. केसांच्या कडेला सोनेरी." त्यानं बोट पुढे केलं, पण बाईला लावलं नाही. "फट अगदी बारीक होती ना, तेवढंच दिसत होतं. मला वाटायचं, मी विसरलो."

मथुरा आतून म्हणाली, "साई, भाजी वाढू का रे?"

"वाढा मामी!" तो उठला. हात धुवायला गेला.

रंगनाथ तिथंच बसून राहिला. दार सताड उघडं होतं म्हणे. दार उघडं होतं तर फट कसली?

जेवून साई निघाला. दार ओढलं. बाहेरून कडी पडल्याचा आवाज आला, रोजचाच. मथुरा हसत हसत दार बडवायला गेली, "अरे ए जावईबापू!" रंगनाथ मात्र त्या कडीचाच विचार करत होता. सहा वर्षांचं पोर स्वतःच्या मनानं कडी घालत नाही. कुणीतरी सांगितल्याशिवाय नाही.

७

"मोडायचं म्हणजे? डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?" मथुरानं कणकेचे हात कमरेवर ठेवले. "कारण काय सांगायचं लोकांना? सोंगटीचा रंग फिरला?"

"रंगाचं सोड. चेहरा आठव तिचा. कुंकू आठव."

"अठरा वर्षांनी?" तिचा आवाज खाली आला. "अहो, गेली बिचारी. आता कुठं उकरता? आणि पोराचा काय दोष त्यात?"

हे खरं होतं. पोराचा काय दोष? तो तर आईवेगळा वाढलेला. पण त्याचं लग्न झालं की आजी आहे तोवर दिशानं सायखेड्यालाच राहायचं ठरलं होतं. त्याच घरात, त्याच स्वयंपाकघरात. साई पुण्याहून सुट्टीला येणार. आणि त्याचा हात आपोआप जाणार.

दिशा दारात उभी राहून ऐकत होती. "बाबा, मला साईनं सांगितलंय."

"काय सांगितलंय?"

"त्याला स्वप्नं पडतात. बंद दाराची. तो रडतो हो. एवढा मोठा माणूस माझ्यापाशी लहान पोरासारखा रडतो. मी त्याला टाकून देऊ? आत्याचा मुलगा आहे तो."

"आणि कडी?"

"काढायला शिकवीन मी त्याला," दिशा म्हणाली आणि हसली. सुवर्णा हसायची तशीच, खालचा ओठ दाताखाली धरून.

रंगनाथकडे दाखवायला काय होतं? एक बोटभर चेटकीण. तीही त्या दोघींना दाखवली तर मथुरा म्हणाली, "छान झालीय की. पाठीमागून ऊन आल्यासारखी."

८

सुपारी फोडायला सगळे सायखेड्याला गेले. भर दुपारी पंगत उठली, पुरुषमाणसं ओसरीवर टेकली, पानाचं तबक फिरलं. वीज नव्हतीच. साळूबाई खाटेवर बसली होती, वाळून चिपाड झालेली, पण डोळे अजून शाबूत. गोरक्ष दाजी खांबाला पाठ लावून जमिनीकडे बघत होते. तो माणूस अठरा वर्षं जमिनीकडेच बघत आला होता.

"पोरी," साळूबाई म्हणाली, "च्या टाक पावण्यांना. बघू तरी तुजा हात."

दिशा पदर खोचून आत गेली. ओसरीवरून स्वयंपाकघराचं दार समोरच दिसत होतं. दोन फळ्यांचं जुनं दार, बाहेरच्या अंगाला लोखंडी कडी. आत आता गॅस होता, फरशी नवी होती. दार मात्र तेच ठेवलं होतं. साई दुधाचं पातेलं तिला देऊन बाहेर आला. बोलता बोलता त्यानं मागे हात नेला, दार ओढलं, कडी घातली आणि पाहुण्यांत येऊन बसला. कुणाचं लक्ष गेलं नाही. त्याचंही गेलं नाही.

रंगनाथच्या हातातलं पान तसंच राहिलं. तो त्या दोन फळ्यांमधल्या फटीकडे बघत होता. फटीत केशरी उजेड होता. गॅसचा जाळ निळा असतो, त्यानं स्वतःला सांगितलं. निळा असतो. निळा.

तो उठला. धोतराला पाय अडकून एका पाहुण्यावर पडता पडता वाचला. कडीला हात लावला, कडी गरम होती. उन्हानं असेल. तिथं ऊन येत नव्हतं. त्यानं कडी काढून दार ढकललं.

दिशा ओट्याशी पाठमोरी उभी होती. गॅस निळा जळत होता. आणि तिच्या पाठीवर, सबंध पाठीवर, वेणीच्या पेडापेडावर, पदराच्या काठापासून खाली टाचेपर्यंत उजेड पडला होता. मागून आणि खालून, टाचेशी पांढरा, खांद्यावर तांबडा. बोटभर बाईवर त्यानं पुन्हा पुन्हा बघितला तोच.

"काय झालं बाबा?" तिनं मान वळवली. चेहरा सावलीत होता, कपाळावर कुंकू.

त्यानं सवयीनं उजेड कुठून येतो ते बघितलं. तिच्या मागे फक्त दार होतं. आणि दारात तो स्वतः उभा होता.

ओसरीवरून साळूबाईचा आवाज आला, शांत, जरा त्रासिक, "कडी कुनी काढली रं?"

रंगनाथनं पोरीचं मनगट धरलं आणि तिला ओढत बाहेर आणलं. "सुपारी फुटणार नाही," तो म्हणाला. गलका झाला. मथुरा रडायला लागली. पाहुणे म्हणाले, पेंटरला ऊन लागलं. साई नुसता उभा राहिला, "मामा, माझं काय चुकलं? मामा?" त्या एवढ्या गोंधळात गोरक्ष दाजींनी जमिनीवरची नजर उचलली, स्वयंपाकघराच्या दाराकडे नेली आणि पुन्हा खाली आणली.

९

दिशा त्यानंतर बापाशी बोलली नाही. गंगापूर रोडच्या एका कपड्यांच्या दुकानात कामाला लागली. सकाळी डबा घेऊन जायची, आली की भिंतीकडे तोंड करून झोपायची. रंगनाथनं तिला काही सांगायचा प्रयत्न केला की उठून जायची. मथुरा बोलायची, पण तिनं न बोललेलं बरं, असं. "सुखाचा घास होता, मातीत घातलात."

बाई मात्र नीट झाली होती. सायखेड्याहून आल्यावर त्यानं फळीवरची डबी उघडून बघितली तर उजेड पुढे होता, हनुवटीखाली, गळ्यावर, त्यानं रंगवला होता तसा. पाठ काळी कुळकुळीत. तिच्याकडे बघून त्याला रडू आलं होतं. निदान एक तरी राखली, त्याला वाटलं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी साई आला. बारीक झाला होता. मथुरा आणि दिशा दोघी बाहेर होत्या. तो वाकून पाया पडला आणि अक्षता लावलेली पत्रिका मामाच्या हातात दिली.

"हरसूलकडची आहे मुलगी. साधी माणसं आहेत. आजीला सून हाताशी हवी आहे." तो थोडं थांबला. "मामा, झालं ते झालं. पण बोहल्यावर माझ्या पाठीशी कोण उभं राहणार? मामा लागतो ना."

रंगनाथ म्हणाला, "येईन." दुसरं काय बोलणार? समोर सुवर्णाचं पोर उभं होतं, डोळ्यांत पाणी आणून.

साई गेला. दार ओढलं गेलं. कडी पडली.

वीज नव्हती. रंगनाथनं फळीवरची डबी काढली. न उघडताच त्याला ठाऊक होतं. डबीच्या फटीतून केशरी रेघ बाहेर आली होती.

पत्रिकेवर मुलीच्या बापाचं नाव होतं, खाली फोन नंबर. त्यानं फोन लावला. घंटा वाजत राहिली आणि तेवढ्या वेळात त्यानं काय बोलायचं ते जुळवलं. मी मुलाचा मामा. तुमची मुलगी त्या घरात देऊ नका. का? मुलगा बाहेरून कडी घालतो म्हणून? माझ्या सोंगटीचा रंग फिरतो म्हणून? माझ्याच पोरीची सुपारी मी मोडली, आता भाच्याचंही मोडतो म्हणून?

"हॅलो?" पलीकडून पोरीचा आवाज आला. हसरा, मागे घरात बायकांची लगबग. "कोन बोलतंय?"

दुसऱ्याच्या घरात आपण कशाला तोंड घालायचं? वाक्य त्याच्या मनात आलं आणि कुणाचं आहे ते त्याला लगेच आठवलं.

"हॅलो? कोन पायजे?"

"कुणी नाही," तो म्हणाला. "राँग नंबर."

त्यानं रिसीव्हर ठेवला. रॉकेलचा वास खोलीत गच्च भरला होता. तो दाराशी गेला, दोन्ही हातांनी दार बडवलं. "अहो, कुणी आहे का? कडी काढा! कडी काढा कुणीतरी!" दुपारची वेळ, जिन्यावर चिटपाखरू नव्हतं.

खिडकी त्याच्या डाव्या हाताला होती. त्याची सावली उजवीकडे पडायला हवी होती. ती समोर पडली होती, सरळ दारावर, उंच आणि हलणारी. रंगनाथ तिच्याकडे बघत दार बडवत राहिला. पाठ पोळायला लागली होती. उजेड कुठून येतो हे बघायला तो वळला नाही.